मुंबई पोलीस भरती : फॉर्म मुंबईला टाकावा की आपल्या जिल्ह्याला?

प्रवरेकाठचा

नमस्कार मंडळी. घरात सध्या एकाच विषयावर चर्चा चालू आहे, तेव्हा म्हटलं इथे जाणकारांसमोर मांडावं.

चुलतभाऊ बारावी झाल्यापासून पोलीस भरतीच्या मागे आहे. सकाळी पळणं, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी गोळा. यंदा, म्हणजे २०२५ ला, १५,६३१ पदांची भरती आहे. त्यात शिपाई १२,३९९, बाकी चालक, बॅण्डस्मन, एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) आणि कारागृह शिपाई. नियम असा की एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करायचा. म्हणजे शिपाई पदाला एक तर आपला अहिल्यानगर जिल्हा, नाही तर मुंबई. दोन्ही दगडांवर पाय नाही.

भाऊ म्हणतो मुंबईच. तिथे जागा जास्त. २०२२ च्या भरतीत एकट्या बृहन्मुंबईला शिपायांच्या सात हजारांच्या आसपास जागा होत्या, आपल्या जिल्ह्याला तेवढ्या आयुष्यात निघणार नाहीत. चुलती म्हणते, "पोरगं मुंबईला गेलं की गेलं." चुलते काहीच म्हणत नाहीत, पण फॉर्मचा विषय निघाला की गोठ्यात जातात.

मला विचारायचंय ते असं: जागा जास्त म्हणून मुंबई खरंच सोपी जाते का? आणि लागल्यावर तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं? युट्यूबवर सगळे "वर्दीचं स्वप्न" एवढंच सांगतात. पगार किती, राहायचं कुठे, गावाकडे बदली होते का, हे कोणी सांगत नाही.

---

तिरकस

सोपी? २०२४ च्या भरतीत राज्यभर १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांच्या वर. एका खुर्चीला शंभर जण. भावाला म्हणावं, अभ्यासिकेतल्या सगळ्या पोरांकडे एकदा बघ, त्यातला एक लागणार. तो तूच कशावरून?

---

ग्राउंडमास्तर

तिरकसराव, सरासरी काढून पोरांना घाबरवू नका. त्या साडेसतरा लाखांत फॉर्म भरून ग्राउंडला न आलेले कितीतरी असतात. आलेल्यांतले बरेच उंचीतच बाहेर जातात. खरी लढत त्यानंतर उरलेल्यांची.

मी तालुक्याच्या गावी पोरांची मैदानी तयारी करून घेतो, त्यामुळे त्याच बाजूने सांगतो. पुरुषांना उंची १६५ सें.मी., छाती न फुगवता ७९ आणि फुगवून किमान ५ सें.मी. वाढली पाहिजे. मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटर २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. पैकीच्या पैकी हवे असतील तर १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत, आणि ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटरवर. पन्नासात किमान पंचवीस पाहिजेतच, पण पंचवीसवर मुंबईच काय, कुठेच भागत नाही. मैदानीच्या गुणांवरून जागेच्या दहापट उमेदवार लेखीला बोलावतात, त्या यादीत नाव आलं तर पुढचं.

आता माझं दुखणं. पोरं वर्षभर फक्त १६०० पळतात. तिथे आधीच सगळे जवळजवळ एका रांगेत असतात. गोळ्याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. साडेसहा मीटरवर अडकलेला पोरगा नीट तंत्र शिकला, पायातून आणि कंबरेतून जोर लावायला लागला, तर दोन-तीन महिन्यांत आठाच्या पुढे जातो. तेवढेच गुण धावण्यात वाढवायचे म्हटले तर जीव जातो. तेव्हा भाऊ गोळा किती टाकतो ते आधी सांगा.

आणि डांबरी रस्त्यावर रोज पळवू नका. नडगी दुखायला लागली की ऐन भरतीत पोरगं घरी बसतं. मातीचं मैदान, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. वेग वाढवायला कोणी 'इंजेक्शन घे' म्हणत असेल तर त्या माणसाला गावाबाहेर काढा.

---

रानजाई

मास्तर नेहमी मुलांचंच सांगतात. 🙂 मुलींसाठी: उंची १५५ सें.मी., छातीची अट नाही. धावणं ८०० मीटर, २ मिनिटं ५० सेकंदांत पूर्ण गुण. १०० मीटर १४ सेकंद. गोळा ४ किलोचा, सहा मीटरला पंधरापैकी पंधरा. समांतर आरक्षणात ३० टक्के जागा महिलांच्या.

मी मुंबईचं ग्राउंड दिलंय, म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी. हॉल तिकिटावर मैदान नायगाव आलं तर ते दादरजवळचं नायगाव, पोलीस मुख्यालयाचं मैदान. दादरला उतरायचं, पूर्वेला. पश्चिम रेल्वेवर वसईच्या अलीकडे नायगाव नावाचं स्टेशन आहे, बाहेरगावची पोरं बरोबर तिथे जाऊन उतरतात आणि पहाटे साडेचारला रडकुंडीला येतात. मरोळ आलं तर अंधेरीला उतरायचं.

बोलावणं पहाटेचं असतं, त्यामुळे आदल्या रात्री मुंबईत पोचावंच लागतं. ओळखीचं कोणी नसेल तर आधीच सोय बघा. मैदानाबाहेर फुटपाथवर बॅग उशाला घेऊन झोपलेली पोरं मी पाहिलीत. तशी रात्र काढून सकाळी कसले ५ मिनिटं १० सेकंद येतात? एखादी धर्मशाळा, गावच्या मंडळाची खोली, लांबच्या आत्याचं घर, काहीही चालेल. पण झोप हवी. मुलींबरोबर घरचं कोणीतरी असलेलं बरं.

---

खानापूरकर

एक शंका. आमच्यासारख्या सीमाभागातल्या पोरांना चालतं का? घर कर्नाटकात, शिक्षण मराठीत.

---

ग्राउंडमास्तर

चालतं. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतले मराठी भाषिक उमेदवार पात्र धरतात. तुमचं गाव त्या यादीत आहे का बघा आणि त्याचा दाखला फॉर्म भरायच्या आधी हातात घ्या. हे सगळ्यांनाच लागू: डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, जे काही असेल ते जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आतलं पाहिजे. ग्राउंडला ४५ गुण घेतलेली पोरं कागदावरून परत जाताना पाहिली की वाईट वाटतं.

---

पांढरी_काठी

मी नोकरीत आहे, त्यामुळे नाव, ठाणं काही सांगणार नाही. मूळ प्रश्नाकडे येतो.

निवड यादीत नाव आलं की वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी. गावात हाणामारीचा साधा गुन्हा दाखल असला तरी तो लपवू नये, लपवलेला सापडला की जास्त जड जातो. मग नऊ महिने प्रशिक्षण. राज्यात प्रशिक्षण केंद्रं बरीच आहेत, मरोळ, खंडाळा, सोलापूर, अकोला, जालना, लातूर वगैरे. मुंबईत भरती झाला म्हणजे मरोळलाच जाईल असं नाही. पहाटे पीटी, मग परेड, दुपारी कायद्याचे तास. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे जुन्या लोकांना तोंडपाठ असलेली कलमं नव्यांना लागत नाहीत, त्यांना नवीनच पाठ करायची.

आता युट्यूबवर जे सांगत नाहीत ते. प्रशिक्षणातून आल्यावर थेट पोलीस ठाण्यात खुर्ची टाकून बसायला मिळत नाही. मुंबईत नवा शिपाई आधी सशस्त्र पोलीस दलात जातो, आम्ही त्याला एल.ए. (लोकल आर्म्स) म्हणतो. नायगाव, ताडदेव, वरळी, मरोळ, कलिना इथे त्याचे विभाग. तिथे काही वर्षं जातात. गार्ड ड्युटी, कैदी पार्टी (कैद्यांची ने-आण) आणि बंदोबस्त. गणपतीत गिरगाव चौपाटी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, आझाद मैदानावरचे मोर्चे, वानखेडेवर मॅच. लोक सण बघायला येतात, आपण सणाकडे पाठ करून गर्दीकडे तोंड करून उभे. सासुरवाडीला पहिली दिवाळी वगैरे विसरायचं.

आठ तासांच्या ड्युटीबद्दल विचारतात सगळे. दत्ता पडसलगीकर साहेब आयुक्त असताना २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात तो प्रयोग सुरू झाला, मग शहरभर गेला. त्याआधी बारा तास हे गृहीतच होतं. आता आठ तास कागदावर आहेत आणि बऱ्याच ठिकाणी खरोखरही मिळतात, पण मनुष्यबळ कमी आणि बंदोबस्त लागला की तास मोजायचे नसतात. साप्ताहिक सुट्टीचंही तसंच.

पगार: शिपायाची वेतनश्रेणी एस-७, मूळ २१,७०० पासून. त्यावर महागाई भत्ता, मुंबईचा घरभाडे भत्ता वगैरे. सरकारी क्वार्टर घेतलं की घरभाडं बंद. गावाकडच्या मानाने आकडा बरा दिसतो, पण मुंबईत खोली भाड्याने घेतली की त्यातला मोठा हिस्सा घरमालकाचा. म्हणून आमच्यातले निम्मे-अर्धे बदलापूर, विरार, पनवेल इथून रोज लोकलने येतात.

बढतीचं बरं झालंय. २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद काढून टाकलं. आता शिपाई, हवालदार, मग सहायक उपनिरीक्षक. वेळेवर चढत गेला तर शिपाई म्हणून लागलेला माणूस उपनिरीक्षक होऊन निवृत्त होऊ शकतो. आमच्या आधीच्या पिढीतले किती तरी जण हवालदारकीवरच घरी गेले.

---

तिरकस

आणि मनुष्यबळ कमी म्हणून २०२३ मध्ये राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान मुंबई पोलिसांसाठी कंत्राटी पद्धतीने घ्यायचं ठरलं होतं, ते पण सांगा की. एकीकडे लाखो पोरं रस्त्यावर पळतायत.

---

पांढरी_काठी

ठरलं होतं, गाजलंही. भरती झालेले लोक प्रशिक्षणातून बाहेर पडेपर्यंतची सोय असं तेव्हा सांगितलं गेलं. पटलं नाही पटलं तो वेगळा भाग. पण त्यामुळे कायम भरती थांबली नाही, २०२४ ला झाली आणि २०२५ ला परत निघाली.

---

लाइनीतली

माझे वडील मुंबई पोलिसात होते, मी पोलीस लाइनीतच वाढले. घराचा विषय निघालाय म्हणून लिहिते, कारण फॉर्म भरताना पोरं सगळ्यात कमी विचार याचाच करतात.

नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींत पोलिसांच्या कितीतरी पिढ्या राहिल्या. एक खोली, तिच्यातच मोरी, संडास बाहेर सामायिक. सहा माणसं आणि वर गावाहून भरतीला आलेला कोणीतरी एक कायम असायचाच. तो पहाटे उठून पळायला जायचा तेव्हा आमच्या अंगावरून पाय टाकत जायचा. लागला की पेढे घेऊन यायचा, नाही लागला की न सांगता गावी. आई त्याचा डबा तरी करून ठेवायची.

तर त्या चाळींचा पुनर्विकास म्हाडा करते आहे. तिथे राहणाऱ्या पोलिसांना आणि निवृत्तांच्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचं घर १५ लाखांत द्यायचं २०२२ मध्ये ठरलं. आधी ५० लाख म्हणत होते. वरळीतल्या पहिल्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. पण हे तिथल्या जुन्या रहिवाशांपुरतं आहे. आज भरती होणाऱ्या पोराने "पोलिसांना मुंबईत १५ लाखांत घर मिळतं" असं समजून मनात मांडे खाऊ नयेत. त्याला मिळालंच तर सेवानिवासस्थान मिळेल, त्यासाठी यादीत थांबावं लागेल, आणि निवृत्तीला ते सोडावं लागेल. पोलिसाच्या घरात साठीच्या आधी जी काळजी शिरते ना, ती ही. पोरांच्या शाळा इथे, लेकीची नोकरी इथे, आणि घर रिकामं करायची तारीख आली.

तरीही एक सांगते. लाइनीसारखा शेजार मी नंतर कुठे पाहिला नाही. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री लाइनीत एकही घर झोपलं नव्हतं. कोणाचा बाप कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि सगळ्या बायका एकाच टीव्हीसमोर.

---

सातारी_कंदी

लाइनीतली ताई, काटा आला अंगावर.

त्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आमच्या जावळीतल्या केडंबे गावचे. आधी लष्करात, मग मुंबई पोलिसात. सहायक उपनिरीक्षक होते, अशोकचक्र मिळालं. आमच्याकडे 'मुंबईला पोलिसात आहे' म्हटलं की आजही लोकांच्या बोलण्याचा सूर बदलतो. मुंबई पोलिसात सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर आधीपासूनच भरपूर. पोरगं मुंबईला गेलं की गेलं असं काही नाही हो, आमचे सगळे जत्रेला हजर असतात. रजा मिळाली तर.

---

प्रवरेकाठचा

केवढी माहिती मिळाली! भावाला वाचून दाखवतोय. गोळा सात मीटरच्या आसपास जातो म्हणतो, मास्तरांनी बरोबर दुखरी नस पकडली.

चुलतीचा एकच प्रश्न: मुंबईत लागून दोन-तीन वर्षांत नगरला बदली करून घेता येते का? गावात एक जण "मी करून देतो" म्हणतोय.

---

पांढरी_काठी

आधी त्या माणसापासून लांब राहा. लावून देतो, बदली करून देतो म्हणणाऱ्यांकडे पैसे दिले की पैसेही जातात आणि कधी कधी गुन्हाही अंगावर येतो. २०२३ च्या मुंबईच्या लेखी परीक्षेत कानात बारीक यंत्र लावून बसलेले उमेदवार पकडले गेले, गुन्हे दाखल झाले. वर्दी घालायला आले होते, आरोपी झाले.

आंतरजिल्हा बदली असते. पण मुंबईने सोडायला हवं, तिकडच्या घटकात जागा हवी, आणि मागणारे शेकडो. शिवाय स्वतःच्या विनंतीवरून गेलात की तिथल्या ज्येष्ठता यादीत खाली जाता, म्हणजे बढती लांबते. काहींचं जमतं, पती-पत्नी एकत्रीकरणात किंवा घरी गंभीर आजारपण असेल तर लवकर. दोन-तीन वर्षांत होईलच असं धरून मुंबईचा फॉर्म भरणं म्हणजे निव्वळ नशिबावर हवाला. मुंबईचा फॉर्म भरायचा तर मुंबईतच नोकरी करायची, हे चुलतीला आधी सांगा. मग बदली झाली तर वरकमाई. (वरकमाई हा शब्द आमच्या खात्यात जपून वापरतात, इथे चांगल्या अर्थाने घ्यावा. 😀)

---

अभ्यासिका_कोपरा

सगळे ग्राउंडवर आणि क्वार्टरवर बोलले, लेखीचं कोण बोलणार? १०० गुण, ९० मिनिटं. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. पास व्हायला ४० टक्के. शेवटची यादी मैदानी अधिक लेखी अशी दीडशेपैकी लागते, म्हणजे दोन-तृतीयांश वजन लेखीचं. ग्राउंडला ४८ आणि लेखीला ६२ वाला बाहेर, ग्राउंडला ४० आणि लेखीला ८५ वाला आत.

मुंबईचा पेपर मुंबईतच होतो आणि राज्यभरातली पोरं एकाच यादीत. नांदेड, बीड, जळगावची अभ्यासू पोरं जागा बघून मुंबईला टाकतात, त्यामुळे जागा जास्त तरी लेखीत चुरस कमी नाही. आपल्या जिल्ह्यात जागा कमी असल्या तरी तुमच्या प्रवर्गात किती आहेत हे जाहिरातीतल्या तक्त्यात बघा. एकूण आकड्यावर जाऊ नका. कधी कधी छोट्या जिल्ह्यात एखाद्या प्रवर्गाला शून्य जागा असतात, मग प्रश्नच मिटतो.

पदवी चालू असेल तर ती सोडू नका. पुढे एमपीएससीतून उपनिरीक्षक व्हायचं तर पदवी लागते. ते प्रशिक्षण नाशिकच्या अकादमीत.

---

मुंबईकर_जुना

चाळीस वर्षं मुंबईत आहे, एक आठवण करून द्यावीशी वाटते. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना काही तरुण कोसळले आणि गेले. उन्हात, रस्त्यावर पळवत होते. त्यावर ओरड झाली, मग अंतर कमी झालं. आता १६०० मीटर असलं तरी मुंबईची दमट हवा घाटावरच्या पोरांना जड जाते. तुमच्या नगरच्या अकोले तालुक्यात पहाटे थंड हवेत पाच-दहा येणारा पोरगा इथे पाच-तीसला येतो. आदल्या दिवशी पाणी भरपूर प्या, उपाशीपोटी पळू नका, आणि छातीत धडधडलं तर थांबा. पुढची भरती येते, पोरगं परत येत नाही.

---

प्रवरेकाठचा

काका, हे चुलत्यांना वाचून दाखवलं. पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "पळताना दम लागला तर थांब म्हणावं." म्हणजे जायला परवानगी आहे असं आम्ही धरलंय.

तक्ता बघितला. भावाच्या प्रवर्गात नगरला जागा अगदीच मोजक्या, त्यामुळे शिपाई पदाचा फॉर्म मुंबईलाच भरला. फी खुल्याला ४५० आणि राखीवला ३५०, ती भरून झाली. बदलीचं गृहीत न धरता भरला, चुलतीला तसं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, आज लाडवाचा डबा कधी पाठवायचा विचारत होती.

शेवटचा प्रश्न: चालक पदाला वेगळा अर्ज करता येतो ना? भावाकडे गाडीचा परवाना आहे.

---

ग्राउंडमास्तर

येतो. पद वेगळं, त्यामुळे अर्ज वेगळा आणि घटकही वेगळा निवडता येतो. वय किमान १९ लागतं, शिपायाला १८ चालतं. परवाना साधा दुचाकीचा नको, हलक्या वाहनाचा हवा, आणि तो परिवहन प्रकारचा मागतात, तेव्हा जाहिरातीतला शब्द न् शब्द परवान्याशी ताडून बघा. वाहन चालवण्याची चाचणी वेगळी होते. मुलींना चालकासाठी उंची १५८ लागते, हे रानजाईने सांगायचं राहिलं.

आणि गोळा फेकतानाचा भावाचा व्हिडिओ बाजूने काढून मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. पाय कुठे टाकतो ते बघतो.